हाडवैर

३ मार्च, मंगळवार

दादानं मला ढकललं.

हे आधी लिहून ठेवतो. नाहीतर उद्यापर्यंत घरातले सगळे मिळून त्याचं काहीतरी भलतंच करून ठेवतील – 'तोल गेला', 'पाय अडकला', 'तुझी तब्येतच तशी'. तब्येत गेली खड्ड्यात! मी दुकानाच्या मागच्या खोलीत, काच कापायच्या टेबलाशी उभा होतो. तो समोर. भांडण चाललं होतं. त्याचा हात माझ्या छातीवर आला आणि मी बाजूच्या टेबलाच्या कडेवर आदळलो. कुशीत काहीतरी मोडलं. आवाज मला ऐकू आला. वाळकी काटकी मोडावी तसा.

डावीकडच्या दोन बरगड्या.

भांडण कशावरून? तर साहेबांचा हुकूम – "आजपासून काच तू कापायची नाहीस. पुढे काउंटरवर बस, गिऱ्हाइकांशी बोल." बस म्हणे! फ्रेमांचं दुकान बाबांनी दोघांना दिलं, पण कटर त्यांनी आधी माझ्या हातात दिला, त्याच्या नाही. तो लाकडाच्या पट्ट्या जोडतो. काच माझी. पंधरा वर्षांपूर्वी एमएस निघाला तेव्हाही काच माझीच होती. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं, म्हणून पाय ऐकत नाहीत, कधी डोळा अंधारतो, कधी हात मुंग्यांनी भरतो – हे सगळं त्याला पाठ आहे. पण मागच्या आठवड्यात एक आरसा वाकडा कापला गेला. एक! पंधरा वर्षांत किती सरळ कापले ते कोण मोजणार?

बायको दवाखान्यात धावत आली. "कसं झालं?" मी म्हणालो, "दादानं ढकललं." तो तिथेच भिंतीला टेकून उभा होता, हातात माझ्या एक्स-रेचं पाकीट. हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही. पाकीट बाकावर ठेवलं आणि निघून गेला.

चोर!

४ मार्च

हसायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. हसण्याचा प्रश्न नव्हताच.

झोपताना बायकोनं पाठीला तीन उशा लावल्या. म्हणाली, "मी त्यांचं तोंड बघणार नाही आता." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं – दुखण्याच्या गोळीपेक्षा जास्त.

६ मार्च, शुक्रवार

वहिनीचा फोन. बायकोनं स्पीकरवर लावला, मुद्दाम.

"कसे आहेत?"

"दोन बरगड्या मोडल्यावर माणूस जसा असतो तसे."

"अगं, हे दोन दिवस जेवले नाहीयेत..."

"आमच्याकडे श्वास घेता येत नाहीये आणि तुम्ही जेवणाचं सांगताय?"

वहिनी म्हणाली, "त्यांनी कधी मुंगीला मारलं नाही गं." बायको म्हणाली, "मुंगीला नसेल मारलं. भावाला मारलं." आणि फोन ठेवला.

अशी बायको मिळायला नशीब लागतं. एरवी माझ्याशी अशी भांडते की शेजारी खिडक्या लावून घेतात. आज पहिल्यांदा ती तोफ दुसरीकडे वळलेली पाहिली.

८ मार्च

दादा आला नाही. मेसेज नाही. न येवो!

११ मार्च, बुधवार

हाडवाल्या डॉक्टरांकडे. वय चाळीसच्या आतलं, केस रात्रभर उशीवर भांडल्यासारखे. एक्स-रे उजेडावर धरला आणि बराच वेळ बघत बसले. मग विचारलं,

"किती उंचावरून पडलात?"

"पडलो नाही. टेबलावर आदळलो. उभ्याउभ्या."

"जोरात?"

बायको म्हणाली, "ढकललं त्यांना."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढे विचारलं ते त्याबद्दल नव्हतंच. "याआधी कधी काही मोडलंय?"

मोडलंय ना. दीड वर्षापूर्वी उजवं मनगट. खुर्चीवरून उठताना हातावर भार दिला आणि गेलं. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. एमएसचा पेशंट आहे, पडणारच, मोडणारच – प्लास्टर घाला, घरी पाठवा. मीही तेच म्हणालो होतो.

मग प्रश्नांची सरबत्ती. स्टिरॉइड किती वेळा झाली? (प्रत्येक झटक्याला. सलाईनमधून. मध्ये दोन वर्षं गोळ्याही.) चालता किती? उन्हात जाता का? मी म्हणालो, "ऊन लागलं की माझे पाय मेणासारखे होतात. पंधरा वर्षं उन्हापासून पळतोय." सिगारेट? सोडली. दूध? आवडत नाही. घरात कोणाची हाडं ठिसूळ? आईला शेवटी कुबड आलं होतं.

"हाडांची घनता कधी मोजलीय?"

मी हसलो. हसलो आणि बरगडीनं असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, "डॉक्टर, ते म्हाताऱ्या बायकांचं दुखणं. मी एकावन्न वर्षांचा पुरुष आहे."

ते म्हणाले, "हाडांना ते माहीत नसतं."

शहाणा! स्टिरॉइडनं हाडं पोखरतात म्हणाले आणि तपासणी लिहून दिली.

१२ मार्च

हाडाचा कारागीर म्हणायचे मला बाबा. घ्या.

१७ मार्च, मंगळवार

मेंदूवाल्या डॉक्टरांकडे गेलो. पंधरा वर्षांचा संबंध. त्यांच्या खोलीतल्या दोन्ही चित्रांच्या फ्रेमा आमच्या दुकानातल्या, काच मी कापलेली. तरी आज भांडलो. असा भांडलो की बाहेरची नर्स दार उघडून बघून गेली.

मी म्हणालो, "स्टिरॉइडनं हाडं पोखरतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत असतं. पण झटक्यात दृष्टी जात होती तुमची. तेव्हा डोळा वाचवायचा की –"

"तेव्हाचं सोडा. नंतर? पंधरा वर्षांत एक दिवस? एक वाक्य?"

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की नुसती स्टिरॉइड नाहीत. एमएसमध्ये हाडं तशीही लवकर विरळ होतात, कधीकधी माणूस नीट चालत असतानाच. वर चालणं कमी होतं, ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी. आणि पडण्याची भीती कायमची. "आम्ही मेंदूचे फोटो बघत राहतो," म्हणाले. "खालचं राहून जातं."

"खालचं! खालचं म्हणजे मी!"

बायकोनं माझी बाही ओढली. डॉक्टर म्हणाले, "सांगायला हवं होतं. चुकलं."

आता हे काय? भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं 'चुकलं' म्हणणं हा निव्वळ रडीचा डाव आहे. शिव्यांची सगळी तयारी फुकट! घरी येईपर्यंत धुमसत होतो. टॅक्सीवाल्यावर डाफरलो. तो बिचारा काहीच बोलला नव्हता.

२३ मार्च, सोमवार

तपासणी झाली. सपाट टेबलावर झोपवतात, पायाखाली चौकोनी ठोकळा, वरून एक हात फिरत जातो. दुखत नाही, आवाज नाही, काही नाही. पंधरा वर्षांत कुणालाही सुचली नाही अशी ही भयंकर अवघड गोष्ट – चहा गार व्हायच्या आत संपली!

मशीनवाली मुलगी म्हणाली, "काका, हलू नका." मी म्हणालो, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला हे सांगतंय आणि मला ते जमत नाहीये." डावा पाय थरथरत होता. तिनं येऊन पायावर हात ठेवला आणि पुन्हा केलं.

२८ मार्च, शनिवार

निकाल.

हाडवाल्यांनी पडद्यावर माझा खुबा दाखवला. हिरवा, पिवळा, लाल पट्टा. माझा ठिपका लालमध्ये, तोही खाली कोपऱ्यात, घाबरून बसलेल्या पोरासारखा. कणाही तसाच. ऑस्टिओपोरोसिस. ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. "तुमच्या वयाच्या पुरुषाची हाडं अशी नसतात," म्हणाले. "खुबा सांभाळायचा. बरगडी भरून येते. खुबा मोडला तर तुमच्या आजारात पुन्हा उभं राहणं कठीण."

बायकोनं विचारलं, "मग आता?"

आधी ड जीवनसत्त्व भरून काढायचं, आठवड्याला एक मोठा डोस. कॅल्शियम, शक्यतो खाण्यातून. मग हाडांचं औषध. गोळी मला द्यायची नाही, कारण गिळताना माझ्या घशात अडकतं. म्हणून वर्षातून एकदा सलाईन. आणि रोज उभं राहायचं. भार टाकायचा. हाडावर वजन पडलं नाही तर हाड आळशी होतं, म्हणे. फिजिओथेरपिस्ट घरी पाठवतो म्हणाले.

उभं राहायचं! ज्या गोष्टीसाठी मार खाल्ला तेच औषध!

आम्ही उठलो तेव्हा त्यांनी सहज म्हणून एक वाक्य टाकलं. "अशी बरगडी जोराच्या खोकल्यानंही मोडते. कोणी तोल सावरायला घट्ट धरलं आणि कुठे टेकलात, तरी मोडते. ढकलावंच लागतं असं नाही."

बायको दाराच्या कडीवर हात ठेवून थांबली. मागे वळली नाही. बाहेर आली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

घरी चपला काढताना म्हणाली, "तुझी खात्री आहे ना?"

"कशाची?"

"तुला माहितीये कशाची."

मी म्हणालो, "छाती माझी होती. हात त्याचा होता. खात्री आहे."

२९ मार्च

झोप नाही. ढकललंच. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, मी बघितला. सावरायला येणाऱ्याचा चेहरा तसा नसतो.

कसा असतो मग?

झोप.

३ एप्रिल, शुक्रवार

फिजिओबाई आल्या. उंच, खांद्यावर बॅग, बूट दारात न काढता थेट आत – "हे बूट घरातलेच आहेत, बॅगेतून काढून घातलेत." आल्याआल्या पडदा सरकवला. मी ओरडलो. ऊन! त्या म्हणाल्या, "सकाळचे साडेसात वाजलेत. हे ऊन नाही, याला उजेड म्हणतात. गरम व्हायला लागलं की थांबवू." ओला टॉवेल माझ्या मानेवर टाकला. थंडगार. ही युक्ती पंधरा वर्षांत मला सुचली नाही याचा राग त्यांच्यावरच काढला.

मग ओट्याशी उभं केलं. दोन्ही हात ओट्यावर, खुर्ची मागे, टाचा वर, टाचा खाली.

"दुखतंय."

"बरगडी की अहंकार?"

"बाई, जिभेला हाड नाही म्हणून काहीही बोलायचं का?"

"जिभेला नाही म्हणून तर ती मोडत नाही. टाचा वर."

फौजदारीण! नाव ठेवलं आजपासून. जाताना घरभर फिरली – बाथरूममधली पायपुसणी उचलून बायकोच्या हातात दिली, पलंगाजवळची वायर भिंतीला चिकटवायला सांगितली, नळाशेजारी धरायला दांडा बसवा म्हणाली. माझ्या घरात माझ्याच वस्तूंवर जप्ती. बायको मात्र भक्तिभावानं मान डोलावत होती.

७ एप्रिल

दूध प्यायलो. लहानपणी आई मागे पेला घेऊन फिरायची तसं. ओकारी आली पण प्यायलो. कोणाला सांगणार नाही.

फौजदारीण आज खुर्ची मागून अर्धा हात लांब सरकवून गेली. "तुम्ही तिच्याकडे बघत राहता," म्हणाली, "म्हणून पाय तिच्याकडे जातात."

११ एप्रिल, शनिवार

दांडा अजून बसवलेला नाही. बाथरूममध्ये डावा गुडघा अचानक गेला. एमएसचं असंच – सूचना नाही, आवाज नाही, पाय होता आणि नाही. बायको दारात टॉवेल घेऊन उभी होती. तिनं झडप घातली. तिचा तळवा माझ्या छातीवर सपकन आपटला, मी मागे भिंतीवर गेलो, पाठ लागली, आणि मी तिच्यावर ओरडलो –

"ढकलतेस काय!"

ती हादरून बघत राहिली. हात अजून माझ्या छातीवरच. दुसऱ्या हातानं माझा दंड असा धरला होता की बोटं रुतली होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता. भीतीचा राग. भीती वाटली की माणूस रागावलेलाच दिसतो, हे मला एकावन्नाव्या वर्षी, ओल्या फरशीवर कळलं.

काही मोडलं नाही. दंडावर निळे डाग उमटलेत.

जेवलो नाही. दादाचा चेहरा डोळ्यासमोरून हलत नाही. त्यानं धरलं होतं. माझा पाय गेला असणार आणि त्यानं धरलं असणार. आणि मी दवाखान्यात, सगळ्यांसमोर...

१२ एप्रिल, रविवार

बायकोला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, चुकतो माणूस.

"चाळीस दिवस!" ती उभीच राहिली. "चाळीस दिवस मी त्या माणसाला शिव्या देतेय! जाऊबाईंना काय काय बोलले मी! तुझ्या एका शब्दावर!"

"मला तेव्हा वाटलं..."

"तुला वाटलं की तुला हवं होतं?"

हवं होतं. पाय गेला म्हणण्यापेक्षा ढकललं म्हणणं सोपं होतं. पाय गेला म्हटलं असतं तर तोच खरा ठरला असता – काच कापू नकोस, बस. ढकललं म्हटल्यावर मी कारागीरच राहिलो आणि तो गुन्हेगार झाला.

हे तिला सांगितलं नाही. इथे लिहितोय तेवढं पुरे.

ती दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदी घेते; रविवारी सुट्टी. आज सुट्टी असूनही बाहेर निघून गेली. दार आपटून. संध्याकाळी आली ती ड्रिलवाल्या माणसाला घेऊन. बाथरूममध्ये दांडा बसवला. माझ्याशी एक शब्द नाही.

१५ एप्रिल, बुधवार

मी दादाला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. वहिनीनं उचलला.

"आता काय मोडलं?" वहिनीनं विचारलं. असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

मी सगळं सांगितलं. हाडांचं, तपासणीचं, बाथरूमचं. म्हणालो, "त्यानं सावरलं होतं गं मला. चूक माझी."

मग वहिनी रडायला लागली आणि रडतारडताच मला झोडपायला लागली. दादानं त्या दिवसापासून मागच्या खोलीत पाय ठेवलेला नाही. काचेची कामं बाहेर देतो. रात्री उठून बसतो. ती विचारते तेव्हा एवढंच म्हणतो – तो बोलला ते बोलला. "तुमच्या एका वाक्यानं माझं घर बसलंय," ती म्हणाली. "आता तेवढंच वाक्य मागे घ्यायला फोन? इथे या. त्यांच्यासमोर बोला."

"चालता येत नाही मला एवढं."

"मग उभं राहायला शिका लवकर!"

ठेवला. दोन्ही घरांतल्या बायका फौजदारिणीच्या बहिणी आहेत.

१६ एप्रिल

टाचा वर. टाचा खाली. टाचा वर. आज शिव्या न देता.

२२ एप्रिल, बुधवार

सलाईन. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात – या औषधानं क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो म्हणून. बायकोच्या दवाखान्यात गेलो. दातवाल्या डॉक्टरांनी सगळं तोंड ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "दात मजबूत आहेत." बायको बाहेरून म्हणाली, "त्यांचाच तर त्रास आहे." इतक्या दिवसांत पहिला विनोद. माझ्यावरच, पण चालेल.

सलाईन घेताना काही वाटलं नाही. आता वर्षभर शांतता, म्हणे.

२३ एप्रिल

कसली शांतता! ताप, अंग मोडून गेलंय. हाडवाल्यांनी आधीच सांगितलं होतं – दोन दिवस फ्लूसारखं वाटेल. त्यांना, त्यांच्या केसांना, त्यांच्या आईवडिलांना मनातल्या मनात सगळं बोलून झालं.

वहिनीचा मेसेज बायकोला – 'तू पाठवलेला तपासणीचा कागद दाखवला यांना. नुसते बघत बसले. रविवारी येतो म्हणालेत.'

कपडे कुठले घालू? हा काय प्रश्न झाला! तरी विचारला. बायको म्हणाली, "बिनइस्त्रीचे. दया येईल त्यांना."

२५ एप्रिल

ताप उतरला. काय बोलायचं ते ठरवतोय. दोघं भाऊ 'माफ कर' कधी म्हणालोच नाही. लहानपणी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी एकमेकांचे बूट पुसायचो. आता या वयात ते कसं करणार, वाकता येत नाही.

उभा राहून बोलणार. बसून नाही.

२६ एप्रिल, रविवार

दादा आला. बायकोनं दार उघडलं, त्याच्या पायाशी वाकल्यासारखं काहीतरी केलं आणि आत पळाली. मी ओट्याला एक हात लावून उभा होतो. सगळं बोललो. ठिसूळ हाडं, गेलेला पाय, माझं खोटं. माफ कर म्हणालो.

तो वाळलाय. नजर फरशीवर. मग म्हणाला, "कागद वाचला तेव्हा वाटलं, सुटलो. चार दिवस वाटलं, असंच राहू दे." मान वर केली. "तुझा पाय गेला नव्हता. तू नीट उभा होतास. मी ढकललं."

आतल्या खोलीत बायकोच्या हातातलं काहीतरी पडलं.

मी विचारलं, "नीट उभा होतो?"

"हो."

"काही न धरता?"

"काही न धरता. ऐकत नव्हतास, म्हणून राग आला."

ढकलल्याचं नाही, उभा होतो त्याचंच पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं.